पत्रकांचा फुगा

तुमच्या बिल्डिंगमध्ये सध्या भांडण चालू आहे का? पार्किंगचं, पाण्याचं, कबुतरांचं, रिडेव्हलपमेंटचं, कशाचंही चालेल. असेल तर एवढंच सांगा: त्या भांडणात तुमच्या घरातलं मूल कोणत्या बाजूचं आहे, आणि ते कोणी ठरवलं?

हे आत्ता विचारतेय, कारण मे आलाय. मुलुंडच्या या भाड्याच्या घरात दुपारी पंखा नुसता गरम वारा ढकलत राहतो. खालच्या मजल्यावर कुणाचं तरी ड्रिल भिंतीत घुसतं, थांबतं, आता संपलं असं वाटेपर्यंत परत घुसतं. एका जागी बसवत नाही. उठते, पाणी पिते, गॅलरीत जाऊन येते. परवा पास्त्याचा सॉस करताना मैदा पातेल्याला धरला आणि जो वास सुटला तो सॉसचा नव्हताच. तो खळीचा होता. गॅस बंद करून मी कितीतरी वेळ तशीच उभी राहिले. आई आतून म्हणाली, "काय गं, जाळलंस?"

जाळलं नव्हतं. बोरीवली आठवली होती.

आमच्या घरात पत्रकांवर वाढणं म्हणजे खरोखरच पत्रकांवर वाढणं होतं. डब्यांच्या फळ्यांवर पत्रकं अंथरलेली, वह्यांना पत्रकांची कव्हरं, पलंगाखाली दोरीने बांधलेले उरलेल्या पत्रकांचे गठ्ठे. माझं पहिलं जोडाक्षर 'धिक्कार' या शब्दातलं. आजोबा गिरणीतले. गिरणी गेली, लालबागची खोली गेली, बोरीवलीला नॅशनल पार्कच्या अंगाला एक खोली मिळाली, पण पत्रक काढायची सवय काही गेली नाही. ती त्यांच्याकडून त्यांच्या सुनेनं, म्हणजे माझ्या आईनं उचलली. त्यांच्या मुलानं नाही. बाबा फक्त खळ ढवळायचे, आणि गुठळी झाली की बोलणी खायचे.

त्या खळीचे दोन प्रकार. भिंतीवर चिकटवायच्या पोस्टरांच्या खळीत मोरचूद घालतात, म्हणजे झुरळं-उंदीर कागद खात नाहीत. खाऊच्या फुग्याच्या खळीत मोरचूद घालायचं नाही. ते विष आहे. दोन पातेली वेगळी, दोन चमचे वेगळे. मी स्वयंपाकघरात पहिल्यांदा शिकलेला नियम हा.

खाऊचा फुगा सगळ्यांना माहीत असतो. वाढदिवसाला पंख्याच्या हुकाला टांगलेला तो मोठा रबरी फुगा, आत चॉकलेटं आणि थर्माकोलचे दाणे. केक कापला की टाचणी टोचायची, की सगळी पोरं खाली वाकून एकमेकांच्या अंगावर. आमच्या बिल्डिंगमध्ये तो कागदाचा असायचा आणि मी करायची. थर्माकोल आईला खपत नसे. ते दाणे झाडताना केरसुणीच्या पुढे पळतात आणि गटारात जाऊन बसतात, असं तिचं म्हणणं, आणि ते खरंच आहे. मग साधा फुगा फुगवायचा, त्याला खोबरेल चोळायचं, कागदाच्या पट्ट्या खळीत बुडवून आडव्या-उभ्या चिकटवायच्या. वाळला की टिचकी मारायची. टक्क वाजला तर झाला, भद्द वाजला तर अजून ओला. मग आतला फुगा सुईने फोडून देठाशी ठेवलेल्या भोकातून ओढून काढायचा, खाऊ भरायचा, त्या भोकावर पातळ कागदाचं झाकण लावून ती बाजू तळाशी येईल असा टांगायचा आणि झाकणाला एक दोरी सोडायची. वाढदिवसवाल्याने दोरी ओढली की तळ फाटतो.

आत घरात सापडेल ते. रिकाम्या काड्यापेट्यांत टिकल्या. बाटल्यांच्या झाकणांच्या भिंगऱ्या. संपलेल्या रिळांच्या गाड्या. मोडक्या छत्रीच्या कापडाची पॅराशूटं, त्यांना खाली एक-एक बटण बांधलेलं. चिंचेच्या गोळ्या, चिक्की, आणि उरलेल्या जागेत कुरमुरे. बाहेरच्या लोकांना हे गरिबीचं लक्षण वाटे. आमच्या पोरांना रबरी फुगा फालतू वाटायचा. "त्यातनं फक्त चॉकलेट पडतं," असं तोंड वाकडं करून सांगत.

ज्या मेबद्दल लिहितेय त्या मेमध्ये माझी बारावी नुकतीच संपली होती आणि रिझल्ट लागायचा होता. कशातच लक्ष लागत नसे. पण बिल्डिंगमध्ये कुणाचंच लागत नव्हतं. आमची ती दोन मजली, लांब गॅलरीची इमारत पडायला झाली होती, यावर सगळ्यांचं एकमत होतं. भांडण पुढचं होतं. आई म्हणायची, आधी करार कागदावर, मग सही. पलीकडच्या टोकाचे सावंत काका, सोसायटीचे सेक्रेटरी, म्हणायचे की सह्या अडवल्या तर बिल्डर उठून जाईल आणि पावसाळ्यात स्लॅब डोक्यावर येईल. आज विचार केला तर दोघंही खोटं बोलत नव्हते. तेव्हा मी असा विचार करायला तयार नव्हते. मी आईची मुलगी होते, आणि आमच्या पिवळ्या पत्रकाची शेवटची ओळ मी स्वतः सुचवली होती: 'बिल्डरच्या दलालांना जाब विचारा!'

त्यांचीही पत्रकं निघाली. जाड, गुळगुळीत कागदावर, रंगीत टॉवरच्या चित्रासकट. त्यात आम्ही 'मूठभर विघ्नसंतोषी' होतो.

आणि मग पोरं वेगळी झाली. कुणी तसं जाहीर केलं नाही. आधी एका आईने खेळातून हाक मारून मुलाला वर बोलावलं. दुसऱ्या दिवशी दुसरीने. मग मुलंच ओळखायला लागली, कोणाच्या दाराशी चप्पल काढायची आणि कोणाच्या नाही. पाण्याच्या टाकीजवळचं क्रिकेट बंद पडलं, कारण बॅट सह्यावाल्यांची होती आणि बॉल बिनसह्यावाल्यांचा. दुपारी अंगण इतकं शांत की पलीकडच्या झाडीतली माकडं भिंतीवर येऊन बसायला लागली.

त्याच शांततेत ओवी आमच्या दारात आली. सावंत काकांची मुलगी. येत्या शनिवारी आठ वर्षांची होणार होती.

"मिनूताई, माझा फुगा करणार ना?"

"करते ना. कधी नाही केला?"

"मोठा कर. सगळे येणारेत."

"सगळे?"

"सगळे यायलाच पाहिजेत ना. नाहीतर काय, माझाच खाऊ मीच लुटू? येडी दिसेन मी."

ती हसत नव्हती. उंबऱ्याच्या बाहेरच उभी होती. एरवी ही मुलगी थेट आमच्या फ्रिजपर्यंत जायची.

आई आत पत्रकांच्या घड्या घालत होती. ओवी गेल्यावर तिने विचारलं, "सावंतांच्या घरी टांगायला?"

"ओवीच्या वाढदिवसाला."

"एकच घर आहे ते, मिनू."

"तिने काय केलंय गं?"

"मी कुठे म्हटलं तिने काही केलंय? कर फुगा. मुलांना कोणी अडवलंय का? मी कधी म्हटलं, पाठवू नका?"

"पाठवा असंही नाही म्हटलंस."

"ते माझं काम नाही."

"मग कोणाचं? सगळ्या बायका तुझ्या तोंडाकडे बघतात. तू त्यांच्याशी बोलत नाहीस म्हणून त्या बोलत नाहीत. तू नुसती गप्प बसलीस तरी त्याचं पत्रक होतं, आई."

तिने घडीवर नख फिरवलं. "जास्त शहाणी झालीस. रिझल्ट लागू दे आधी."

ओवीने आणि मी गॅलरीच्या मधोमध बसून फुगा करायला घेतला, म्हणजे कुठल्याच टोकाला नाही. अडचण कागदाची. घरोघर वर्तमानपत्र बंद झालेलं, सगळे बातम्या मोबाइलवर वाचणारे. आमच्याकडे कागद म्हणजे पलंगाखालचे पिवळे गठ्ठे. तेही पुरेनात म्हणून ओवी घरून त्यांचे गुळगुळीत घेऊन आली. मला आनंदच झाला, कारण असा फुगा करताना एक थर एका रंगाचा आणि दुसरा दुसऱ्या रंगाचा लावला की कुठे पट्टी राहिली ते लगेच दिसतं. एक थर पिवळा, एक थर त्यांचा. त्यांचा कागद खळ धरेना. चुरगाळून, पाण्यात भिजत ठेवून, परत सरळ करून मग कुठे तो चिकटला. पारकर काकी खालून पाणी घेऊन वर येताना थांबल्या. देवगडच्या. आमच्या बाजूच्या, पण कुणालाही बोलायला न घाबरणाऱ्या.

"काय गो मिनू, ह्यो फुगो काय भोपळो?"

"काकी, शनिवारी या हां," ओवी घाईघाईने म्हणाली. "आणि दोघा नातवांना पाठवा."

काकींनी कळशी खाली ठेवली. आमच्या दाराकडे एकदा बघितलं. "बघूया हां, बाय," म्हणाल्या आणि गेल्या.

आमच्याकडे 'बघूया' म्हणजे काय ते आठ वर्षांच्या मुलीलाही कळतं. ओवीने खळीत हात घातला आणि पट्टी न काढता तसाच ठेवून दिला.

तरी ती दारोदार गेली. मी तिच्याबरोबर गेले. आमच्याच बाजूच्या दारांवर मला पाहुण्यासारखं उभं राहावं लागलं. एक बाई म्हणाली, त्या दिवशी आमच्याकडे लग्न आहे. दुसरी म्हणाली, ह्याला ताप येतोय. 'आला' नव्हे, 'येतोय'. एकीने मला बाजूला घेऊन विचारलं, "आईला माहितीये ना तू फिरतेस ते?" मी रागाने लाल झाले. ओवी मात्र प्रत्येक दारात तेच शब्द म्हणत होती, न कंटाळता: शनिवारी, सहा वाजता, फुगा आहे.

वर आम्ही जुन्या वह्यांच्या खाकी कव्हरांचा थर दिला, हळद आणि गेरूने रंगवला. पत्रकातलं एक अक्षर बाहेरून दिसत नव्हतं. मी अगदी निवांत होते. शेंबडं पोर सांगेल अशी गोष्ट माझ्या डोक्यातच आली नाही, की फुगा असतोच मुळी फाडायला.

शनिवारी सकाळी जिन्याखालच्या फळ्यावर खडूने लिहिलेलं होतं: 'आज संध्याकाळी सहा वाजता सावंत यांच्या ओवीचा वाढदिवस. मुलांना पाठवावे. सह्यांचा विषय उद्याच्या सभेत.' खाली नाव नव्हतं. पण आमच्या बिल्डिंगमध्ये आईचं अक्षर न ओळखणारं कोणी नव्हतं. मी वर पळत आले. ती तांदूळ निवडत होती.

"आई..."

"मी तिथे येणार नाहीये," ती मान वर न करता म्हणाली. "उगाच नाचू नकोस."

तरी सहा वाजले तेव्हा सावंतांच्या खोलीत त्यांच्याच बाजूची पोरं होती. ओवी नव्या फ्रॉकमध्ये दारात येई, गॅलरीत डोकावे, आत जाई. परत येई. तिची आई म्हणाली, "बस की गं एका जागी." ती बसली आणि उठली. मलाही उभं राहवेना. शेवटी जिन्यावर पावलं वाजली. पारकर काकींचे दोन्ही नातू, केस तेल लावून चपटे. त्यांच्या मागे तापवाला पार्थ, ताप नसलेला. मग 'लग्नाला जाणारी' बहीण-भाऊ. मग सगळेच, धडाधड, जणू कुणीतरी नळ सोडला. मोठी माणसं गॅलरीत थांबली, कठड्याला टेकून, समुद्रावर आल्यासारखी लांब बघत. आईही आली. आमच्या दारापासून चार पावलं पुढे, सावंतांच्या दारापासून चार पावलं अलीकडे.

ओवीने दोरी ओढली. कुरमुरे, भिंगऱ्या, काड्यापेट्या, गोळ्या, सगळा पाऊस, आणि खाली पोरांचा ढीग. पार्थच्या हाती खाऊ लागेना, म्हणून त्याने उडी मारून फुग्याचं वरचं टरफलच ओढलं. सगळ्यांनी ओढलं. थर सुटले. पार्थ नुकताच वाचायला शिकला होता आणि त्या वयात माणूस दिसेल ते मोठ्याने वाचतो. पिवळा तुकडा हातात धरून, शाळेत धडा वाचावा तसं, खणखणीत आवाजात त्याने वाचलं:

"बिल्डरच्या दलालांना जाब विचारा!"

पोरांचा गलका चालूच होता, पण कठड्याला टेकलेली मोठी माणसं दाराकडे वळली. सावंत काका केकच्या सुरीसकट उभे. माझे कान तापले. ती ओळ माझी होती.

"पप्पा," ओवीने विचारलं, "दलाल म्हणजे कोण?"

तेवढ्यात पारकर काकींचा धाकटा नातू गुळगुळीत तुकडा घेऊन दारात गेला, थेट आईकडे, कारण बिल्डिंगमध्ये अवघड शब्द विचारायचे ते तिलाच. "काकू, ह्याच्यावर 'मूठभर विघ्नसंतोषी' लिहिलंय. ते काय असतं?"

आईने तो तुकडा हातात घेतला. वाचला. मग त्याला परत दिला.

"मी," ती म्हणाली. "ते मी असते, बाळा."

सावंत काकांनी तिच्याकडे बघितलं. त्या महिन्यात पहिल्यांदाच, सरळ. मग ओवीकडे वळले. "दलाल म्हणजे तुझा बाप. चल, केक खा आता."

पारकर काकी हसल्या, तोंडावर पदर घेऊन. एक-दोघे हसले. एक बाई आपल्या मुलीला दंडाला धरून घेऊन गेली. तेही सांगितलं पाहिजे.

त्या संध्याकाळनंतर आई आणि सावंत काकांची मैत्री झाली असं लिहिलं तर गोड वाटेल. झाली नाही. दुसऱ्या दिवशीच्या सभेत त्यांचे आवाज रस्त्यापर्यंत गेले. आईने सही सगळ्यात शेवटी केली. तिच्या काही अटी करारात आल्या, काही आल्या नाहीत, आणि ज्या आल्या नाहीत त्यांची झळ आम्ही सगळेच अजून सोसतोय. त्या जागी हिरव्या जाळ्या लावलेला अर्धा सांगाडा उभा आहे. मी त्या बाजूला गेले की वर बघत नाही. पण सामानाचे टेम्पो दारात लागेपर्यंत, रोज संध्याकाळी, टाकीजवळ क्रिकेट झालं. त्यांची बॅट, आमचा बॉल. एका शॉटने सभेच्या मधोमध बॉल आला तेव्हा सावंत काकांनी तो फेकला आणि बोलणं पुढे चालू ठेवलं.

ओवी आता विरारला राहते, नववीत गेलीय. परवा खळीच्या वासानंतर मी तिला फोन केला. विचारलं, आठवतं का गं. म्हणाली, "फुग्यात काय होतं ते नाही आठवत. कोण कोण आलं ते आठवतं." आणि तिने नावं घेतली. एकेक, मजल्याप्रमाणे, दाराप्रमाणे. मला दोन विसरायला झाली होती. तिला एकही नाही.

मग मी गॅलरीत गेले आणि परत आत आले, आणि तेव्हापासून मला स्वस्थ बसवत नाहीये. कारण इथे, या मुलुंडच्या बिल्डिंगमध्येही भांडण पेटलंय, भटक्या कुत्र्यांना खायला घालण्यावरून. मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये रोज दोन्ही बाजू एकमेकांना जे लिहितात ते पत्रकात छापायला आमच्या आजोबांचा हात धजावला नसता. पत्रक द्यायला माणूस फाटकाशी उभा राहायचा, शिव्या खायच्या तर तोंडावर खायचा. इथे कुणाला कुणाचं तोंड दिसत नाही. गेल्या रविवारी पाचव्या मजल्यावरच्या मुलाचा वाढदिवस होता. त्याची आई कुत्र्यांना पोळ्या घालते. आमंत्रण ग्रुपवर टाकलं होतं. त्यावर दोन-चार अंगठे आले आणि त्याखाली लगेच कुत्र्यांचा वाद सुरू झाला. संध्याकाळी मी खालच्या हॉलमध्ये गेले तेव्हा लाल कव्हरांच्या खुर्च्या भिंतीपर्यंत मांडलेल्या, आणि तो मुलगा वरचा फुगा फोडू द्यायला तयार नव्हता. "अजून येतील," म्हणत होता. फुगा तसाच टांगलेला ठेवून आम्ही केक खाल्ला.

मी कुणाला भांडू नका असं सांगणार नाही. पत्रकांवर वाढलेल्या माणसाने ते सांगू नये. करार कागदावर मागा, पाण्यासाठी ओरडा, सभेत टेबल आपटा, अन्यायाला अन्याय म्हणा आणि खाली नाव घाला. पण आपल्या मुलाला त्या पत्रकाच्या खालची सही बनवू नका. त्याने काहीही वाचलेलं नसतं. त्याला फक्त हे कळतं की आज कोणी खाली आलं नाही.

म्हणून एक काम करा. या सुट्टीत तुमच्या घरी मुलाचा वाढदिवस असेल तर ज्या घराशी तुमचं बोलणं बंद आहे त्या घरी आमंत्रण द्यायला मुलाचा हात धरून स्वतः जा. ग्रुपवर टाकू नका, दुसऱ्याकरवी कळवू नका. जिना चढा, बेल वाजवा. दार उघडल्यावर तुम्ही गप्प राहा आणि मुलाला वार आणि वेळ सांगू द्या. आणि कधी तुमच्याच दाराची बेल वाजली, दारात तसं मूल उभं असलं, तर त्याच्या मागे कोण उभं आहे ते बघू नका. खाली वाका आणि त्याला सांगा, आमच्याकडून कोण कोण येणार.